व्यापारबंदी: कोणत्या मालावर आणि कुणाच्या मागणीवरून

एखाद्या देशात लष्कर सत्ता बळकावते, निदर्शकांवर गोळ्या चालतात, संपादक तुरुंगात जातात, आणि जगभरातून पहिली मागणी येते ती त्या देशाशी व्यापार तोडण्याची. मागणीमागचा संताप खरा असतो. दुसऱ्या बाजूने तितक्याच ठामपणे सांगितले जाते की धंद्यात राजकारण आणू नका, व्यापार वाढला की मध्यमवर्ग वाढेल आणि मग लोकशाही आपोआप येईल. दोन्ही बाजू एक प्रश्न टाळतात. माल थांबला की त्या देशाच्या आत नेमके काय होते? कोणाचा हात रिकामा राहतो आणि कोणाचा भरतो?

नाशिक जिल्ह्याला या प्रश्नाचे निम्मे उत्तर पाठ आहे. ७ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून बंदी लागू झाली. त्या वेळी बाजारात लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, लाल कांदा राहत नाही. काढल्यावर थोड्याच दिवसांत तो लासलगाव, पिंपळगाव किंवा येवल्याच्या बाजार समितीत न्यावाच लागतो. त्यामुळे ज्याच्याकडे थांबण्याची सोय नव्हती, त्याला बंदी सगळ्यात आधी लागली. काही आठवड्यांत भाव निम्म्याहून खाली आले. पुढे मार्च २०२४ मध्ये सरकारने बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा पाठवायला परवानगी दिली, पण ती नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड या एकाच संस्थेमार्फत. कालपर्यंत शेकडो निर्यातदारांचा असलेला व्यापार एका परवान्यात मावला. ४ मे २०२४ ला बंदी उठली तरी टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू होते.

हे लोकशाही देशात घडले. इथे रास्ता रोको करता आला, लिलाव बंद ठेवता आले, निवडणुकीत राग काढता आला. तरीही बंदीची यंत्रणा दिसायची ती दिसली. बंदी व्यापाराचे रूपांतर परवानगीत करते, आणि परवानगी ज्याच्या हातात असते त्याची सत्ता वाढते. हीच यंत्रणा जिथे निवडणूक नाही, न्यायालय नाही, वर्तमानपत्र नाही अशा देशात नेऊन ठेवली तर काय होते, याचा सविस्तर दाखला इराकने दिला.

इराकने कुवेतवर हल्ला केल्यावर चारच दिवसांनी, ६ ऑगस्ट १९९० ला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ मंजूर केला. इराकची जवळजवळ सगळी आयात-निर्यात थांबली. सद्दाम हुसेनच्या सरकारने काही आठवड्यांतच रेशन पद्धत उभी केली. गहूपीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, साबण हे सगळे गल्लीतल्या एजंटाकडून कार्डावर मिळू लागले. वाटप कार्यक्षम होते, हे परदेशी निरीक्षकांनीही मान्य केले. पण त्या कार्डाने जे काम केले ते गुप्तहेरांच्या फौजेला जमले नसते. प्रत्येक कुटुंबात किती माणसे, कोण कुठे राहतो, कोण गायब आहे याची ताजी नोंद सरकारकडे आली आणि महिन्याचे पीठ सरकारच्या मर्जीवर आले. स्वतंत्र व्यापारी, डॉक्टर, प्राध्यापक हा जो वर्ग एरवी सत्तेला प्रश्न विचारतो, त्याचा पगार दिनार कोसळल्यामुळे महिन्याला काही डॉलरवर आला. ज्यांना जमले ते देश सोडून गेले.

तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना ठराव ९८६ ने एप्रिल १९९५ मध्ये मंजूर झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सुरू झाली. तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण चूक रचनेतच होती. तेल विकून आलेला पैसा संयुक्त राष्ट्रांच्या खात्यात जमा होई. त्यातला ३० टक्के, पुढे २५ टक्के, हिस्सा युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी कापला जाई. उरलेल्या पैशातून काय घ्यायचे ते इराक ठरवी आणि न्यूयॉर्कमधली समिती एकेका कराराला मंजुरी देई. पण तेल कुणाला विकायचे आणि माल कुणाकडून घ्यायचा, ही निवड बगदादकडेच राहिली. मग बगदादने पुरवठादारांकडून 'विक्रीपश्चात सेवा' या नावाखाली साधारण १० टक्के परतावा मागायला सुरुवात केली, आणि तेल घेणाऱ्यांकडून पिंपामागे काही सेंट. चौकशी करणाऱ्या व्होल्कर समितीने २००५ मध्ये सांगितले की दोन हजारांहून अधिक कंपन्यांनी असे पैसे दिले आणि या मार्गाने राजवटीला सुमारे १.८ अब्ज डॉलर मिळाले. योजनेच्या बाहेरून झालेली तेलाची तस्करी तर त्याच्या कित्येक पट होती. त्याच अहवालातल्या नोंदींमुळे भारतात नटवरसिंह यांना परराष्ट्रमंत्रिपद सोडावे लागले.

दुसऱ्या टोकाला, लष्करी उपयोग होऊ शकेल या शंकेने पाणी शुद्ध करण्याचे साहित्य, पंप, विजेची उपकरणे यांचे करार न्यूयॉर्कमध्ये अडकून पडत. २००२ पर्यंत अडकलेल्या करारांची रक्कम ५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. म्हणजे सत्ताधाऱ्यांना रोकड मिळत राहिली आणि सांडपाण्याचे पंप अडले. इराकमधले संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये राजीनामे दिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण बंदीविरोधक ती सांगत नाहीत. या बंदीमुळे पाच लाख मुले दगावली हा आकडा जगभर फिरला. ज्या १९९९ च्या पाहणीचा त्याला मुख्य आधार दिला जाई, तिची माहिती इराकी सरकारने फिरवली होती, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्याने हाल खोटे ठरत नाहीत. पण हुकूमशहा आपल्याच लोकांच्या हालांचाही प्रचारासाठी वापर करतो, हे यावरून कळते. सरसकट बंदी त्याला हे साधन फुकट पुरवते. १९९१ ते १९९४ या काळात हैतीच्या लष्करी राजवटीने डोमिनिकन सीमेवरच्या इंधन तस्करीवर हात धुऊन घेतले. सर्बियात राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचच्या जवळच्या टोळ्या सिगारेट आणि पेट्रोलमधून गब्बर झाल्या. नमुना एकच.

मग व्यापारबंदी कधीच करू नये का? या निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण दक्षिण आफ्रिका आहे.

वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता. १९४६ मध्ये, म्हणजे स्वतंत्र होण्याच्याही आधी, हा निर्णय झाला. तेव्हा भारताच्या निर्यातीतला सुमारे पाच टक्के वाटा त्या देशाकडे जाई आणि त्यात तागाच्या बारदानाचा भाग मोठा होता. तोटा खरा होता आणि तो सोसला गेला. १९५९ मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी जगाला बहिष्काराचे आवाहन केले. आपल्याच लोकांना झळ बसेल हे त्यांनी लपवले नाही. रक्तपाताचे दिवस कमी होणार असतील तर ती किंमत आम्हाला मान्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे कामगार संघटनांनी आणि चर्चनेही हीच मागणी लावून धरली.

तरी १९७७ चा शस्त्रबंदीचा ठराव ४१८ एकटा पुरला नाही. दक्षिण आफ्रिकेने आपला शस्त्रउद्योग उभारला आणि चोरवाटा शोधल्या. खरा हिसका बसला तो कर्जाच्या बाजूने. त्या देशाचे बरेचसे परदेशी कर्ज अल्पमुदतीचे होते. मुदत संपली की बँका ते पुढे चालू ठेवत आणि सरकार निर्धास्त राही. जुलै १९८५ च्या अखेरीस चेस मॅनहॅटन बँकेने मुदतवाढ नाकारली, इतर बँका तिच्या मागे गेल्या, रँड हे तिथले चलन कोसळले आणि १ सप्टेंबरला सरकारला परतफेड थांबवल्याचे जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. या कर्जकोंडीची झळ जोहान्सबर्गच्या उद्योगपतींना आणि मतदानाचा हक्क असलेल्या गोऱ्या मध्यमवर्गाला बसली, सरकार बदलण्याची ताकद असलेल्यांना. १९९० च्या फेब्रुवारीत मंडेला सुटले त्यामागे देशातले आंदोलन मुख्य होते, शीतयुद्ध संपत आल्याचाही वाटा होता. पण आर्थिक कोंडीने सत्ताधाऱ्यांचे पर्याय कमी केले, हे नाकारता येत नाही.

इराक आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला फरक मला दोन ठिकाणी दिसतो: मागणी कुणाची होती, आणि घाव कुठे बसला.

मागणीचा मुद्दा नाशिककरांना परका नसावा. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतर आसपासच्या गावांत दलितांना रस्ते बंद करण्यात आले, मुलांना शाळेतून काढण्यात आले, दुकानांतून माल नाकारण्यात आला. त्याच वर्षी त्याच शहरात विदेशी कापडावर बहिष्कार चालू होता. एका बहिष्कारात स्वतःवर बंधन घेतलेले लोक होते. दुसऱ्यात बलवानांनी दुबळ्यांचे पीठ-मीठ तोडले होते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध, कारण एका माणसाला वाकवण्यासाठी त्याच्या अख्ख्या घराला उपाशी ठेवणे हा गुन्हा आहे. जातपंचायतीने केले तर गुन्हा आणि महासत्तेने केले तर मानवी हक्कांचे रक्षण, असे दोन न्याय असू शकत नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हुकूमशाहीत लोकांचा आवाजच दाबलेला असतो, मग त्यांची मागणी कळणार कशी? आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर १९६० पासून बंदीच होती, तरी तिचे म्हणणे जगाला ऐकू आले. परागंदा झालेले नेते, भूमिगत कामगार संघटना, चर्च-मठ, वकिलांचे गट यांच्याकडून मत कळते. ते एकमुखी नसते. म्यानमारमध्ये २०२१ नंतर काही कामगार संघटनांनी सर्वंकष निर्बंध मागितले, तर कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेक बायकांना रोजगार जाण्याची धास्ती होती. २००३ मध्ये अमेरिकेने म्यानमारची आयात थांबवली तेव्हा तशा हजारो नोकऱ्या गेल्याही होत्या. पण एका मागणीवर जवळपास सगळे एकत्र होते: वायूचा पैसा थांबवा.

दुसरा फरक घावाचा, आणि त्याची तपासणी मालागणिक करता येते. म्यानमारचेच उदाहरण घेऊ, कारण तिथला माल आपल्या स्वयंपाकघरात आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने म्यानमारशी करार केला: पाच वर्षे दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खासगी व्यापारातून घ्यायची. नाशिकच्या पापडातला उडीद बऱ्याचदा तिकडचा असतो. हा माल लाखो छोटे शेतकरी पिकवतात आणि यांगूनचे व्यापारी गोळा करतात. यात लष्कराचा हात नाही असे मात्र म्हणता येत नाही. एप्रिल २०२२ पासून निर्यातदारांना मिळालेले डॉलर, किंवा त्यातला ठरावीक हिस्सा, सरकारी दराने क्यात या तिथल्या चलनात बदलावा लागतो. पुढे हा दर २,१०० क्यातवर बांधला गेला, खुल्या बाजारात डॉलर त्याहून खूप महाग राहिला. मधला फरक राजवटीच्या खिशात जातो. तरीही उडीद थांबवला तर पहिला मार शेतकऱ्याला बसेल आणि राजवटीचे नुकसान त्या मानाने थोडे होईल.

वायूचे गणित उलटे आहे. तो समुद्रातून येतो, त्याला शेतकरी लागत नाही, आणि पैसा म्यानमा ऑइल अँड गॅस एंटरप्राइज या सरकारी कंपनीच्या खात्यात जातो. उठावानंतर देशाच्या परकीय चलनापैकी सुमारे निम्मे या वायूतून येत असल्याचे सांगितले जाई. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या कंपनीवर निर्बंध घातले. टोटलएनर्जीज आणि शेवरॉन यांनी त्याआधी महिनाभर माघार जाहीर केली होती. आणि आपण? म्यानमारच्या श्वे या वायुक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा ८.५ टक्के वाटा आहे. दोन्ही कंपन्या सार्वजनिक, म्हणजे तुमच्या-माझ्या मालकीच्या.

शस्त्रांबाबत तर एवढे गणितही लागत नाही. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे २०२३ च्या अहवालानुसार उठावानंतर म्यानमारच्या लष्कराकडे किमान एक अब्ज डॉलरची शस्त्रे, सुटे भाग आणि कच्चा माल गेला. रशिया आणि चीन आघाडीवर होते, भारतातल्या पुरवठादारांचा आकडा ५.१ कोटी डॉलर होता आणि त्यांत सरकारी कंपन्याही होत्या. म्यानमारला शस्त्रे जाऊ नयेत असे आवाहन करणारा ठराव १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११९ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. ईशान्येची सीमा, तिथले बंडखोर गट, चीनचा शिरकाव ही सरकारची कारणे वजनदार आहेत. शेजाऱ्याशी बोलणे चालू ठेवावे लागते, हेही मान्य. पण बोलणे चालू ठेवण्यासाठी तोफगोळ्यांचे भाग विकावे लागत नाहीत.

रशियाला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांनाही हाच निकष लावावा. मॉस्कोच्या दुकानात गेलेल्या द्राक्षपेटीने युक्रेनवरचे युद्ध लांबत नाही आणि तुरुंगातल्या रशियन विरोधकांची सुटका ती थांबवल्याने होत नाही. बेअरिंग, मशीन टूल आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची गोष्ट वेगळी आहे. तेलाची तर फारच वेगळी, कारण २०२२ ते २०२४ या वर्षांत रशियाच्या केंद्रीय अर्थसंकल्पातला साधारण ३० ते ४० टक्के महसूल तेल-वायूतून आला. स्वस्त तेलाने भारतातल्या गरिबाला आधार मिळाला हा युक्तिवाद मी झटकून टाकत नाही. मात्र तो करताना पैसा कुठे पोहोचतो हेही सोबत सांगितले पाहिजे.

निर्बंध कागदावर नेमके असले तरी अंमलात पसरतात, आणि ते कसे पसरतात हे निर्यातीच्या कागदपत्रांशी संबंध असलेल्यांना माहीत असते. इराणला औषध पाठवायला अमेरिकी निर्बंधांत सूट आहे. पण पुरवठादाराचा माल निघायचा तर बँकेने पतपत्र, म्हणजे पैसे मिळण्याची हमी, स्वीकारले पाहिजे, विमा कंपनीने जोखीम घेतली पाहिजे, जहाज कंपनीने कंटेनर दिला पाहिजे. बँकेचे संगणक ग्राहकाचे, त्याच्या बँकेचे, जहाजाचे नाव निर्बंध यादीशी ताडून पाहतात. थोडीशी शंका आली की अधिकाऱ्याला नकार देणे सोपे जाते, कारण नकाराबद्दल कुणी दंड करत नाही आणि होकार चुकला तर कोट्यवधी डॉलरचा दंड बसू शकतो. २०१८ नंतर एपिडर्मोलायसिस बुलोसा या त्वचारोगाच्या इराणी मुलांना लागणारी खास मलमपट्टी अशाच धास्तीपोटी थांबली. जरा घासले तरी या मुलांच्या अंगाला फोड येतात, आणि बंदीचा आदेश त्यांच्याविरुद्ध कुणीच काढला नव्हता.

यावर उपाय आहेत. औषध आणि अन्नासाठी आधीच ठरवलेली एक बँक आणि एक खाते हवे. २०१२ मध्ये भारताने इराणी तेलाच्या रकमेपैकी ४५ टक्के रुपयांत युको बँकेत ठेवण्याची सोय केली आणि त्यातून तांदूळ, चहा, औषधे गेली, ती व्यवस्था या दिशेची होती. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ करून मानवतावादी मदतीला मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून सूट दिली. चौदा देशांनी बाजूने मत दिले आणि एकटा भारत तटस्थ राहिला. दहशतवादी गट या सवलतीचा गैरफायदा घेतील ही आपली भीती निराधार नव्हती. त्यासाठी लेखापरीक्षणाच्या अटी कडक करता आल्या असत्या.

निर्बंध कोणत्या अटीवर उठतील हेही पहिल्या दिवशी लिहिलेले हवे. लिबियाकडे १९९२ पासून मुख्य मागणी होती: लॉकरबी विमानस्फोटातले दोन आरोपी ताब्यात द्या. हवाई वाहतूक, शस्त्रे आणि तेलयंत्रांचे काही भाग बंद होते, तेलविक्री चालू होती. एप्रिल १९९९ मध्ये आरोपी सोपवले गेले आणि निर्बंध लगेच स्थगित झाले. गद्दाफीची दडपशाही त्याने संपली नाही, हे खरे. पण जे मागितले ते मिळाले. इराकबाबत अमेरिकेने सद्दाम असेपर्यंत बंदी उठणार नाही असे सूचित केल्यावर त्याला काही मान्य करण्याचे कारणच उरले नाही. क्युबावरची बंदी १९६२ पासून आहे आणि तिच्या आडोशाने तिथली एकपक्षीय सत्ता प्रत्येक टंचाईचे खापर बाहेर फोडत आली आहे.

मालागणिक तपासणी व्यवहारात जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी द्राक्ष निर्यात पाहावी. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या प्रणालीत बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, औषधाच्या उर्वरित अंशाची तपासणी आणि पॅकहाउसमधली पेटी हे सगळे जोडलेले आहे. युरोपातल्या दुकानातली पेटी दिंडोरी किंवा निफाडच्या कोणत्या प्लॉटवरून आली ते शोधता येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडून माल नाकारला गेला तेव्हा मोठा फटका बसला, पण त्यातून नियंत्रण सुधारले. अमेरिकेने जून २०२२ पासून चीनच्या शिनजियांग प्रांताच्या मालाला लावलेला कायदा याच वाटेने जातो. कापूस, टोमॅटो, सौर पॅनेलला लागणारे पॉलिसिलिकॉन तिथून आले असेल तर ते सक्तीच्या मजुरीचे धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर असते. आपल्या शेतकऱ्याकडून औषधाच्या अंशाचा हिशेब मागता येतो, तर मजुराच्या सक्तीचा हिशेबही मागता येईल.

भारतापुरते बोलायचे तर दोन बदल ताबडतोब होण्यासारखे आहेत. नागरी आणि लष्करी असा दुहेरी उपयोग होऊ शकणाऱ्या व संरक्षण मालाच्या सरकारी यादीतल्या, म्हणजे स्कोमेट यादीतल्या, मालाला परवाना देताना अंतिम ग्राहक कोण, माल दहशतवाद्यांच्या हाती जाईल का, देशाच्या सुरक्षेला बाधा येईल का हे पाहिले जाते. घेणारे सरकार तो माल आपल्याच नागरिकांवर वापरेल का, हा निकष त्यात नाही. तो घातला पाहिजे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या ज्या वर्कशॉपमध्ये संरक्षण क्षेत्राचे सुटे भाग बनतात त्यांच्यासाठीही ते बरे, कारण आज अंतिम वापराचे प्रमाणपत्र हा बऱ्याचदा फक्त फायलीतला कागद असतो आणि उद्या परदेशी निर्बंध यादीत नाव आले तर बँक खाते आणि जुने ग्राहक दोन्ही जातात.

दुसरा बदल माहितीचा. श्वे प्रकल्पातून २०२१ नंतर दरवर्षी म्यानमारच्या सरकारी कंपनीकडे किती रक्कम गेली आणि तिथल्या भारतीय भागीदारांनी ती अडवून ठेवण्याचा किंवा तिसऱ्या खात्यात ठेवण्याचा पर्याय तपासला का, याचे उत्तर संसदेत मिळायला हवे. कांद्याच्या प्रत्येक अधिसूचनेवर नाशिक आणि दिंडोरीच्या खासदारांना धारेवर धरणाऱ्या मतदारांनी हा प्रश्नही त्यांच्या हाती द्यावा.